पाय दुखतोय, हे त्याला घरी सांगता यावं

आई-बाबांनो,

पोरगं फौजेत भरती झालं तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, गुलाल उधळला, वाडीभर पेढे वाटले. अकॅडमीच्या फीसाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं, पण त्या दिवशी त्याची आठवण कुणाला झाली नाही. आता ट्रेनिंग सेंटरला जाऊन काही आठवडे होतात न होतात तोच एका रविवारी फोन येतो. आवाज खालच्या पट्टीत. "मम्मी, पायाला जरा झालंय. एमएचला ॲडमिट केलंय. पप्पांना एवढ्यात सांगू नको." एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल.

आमच्या सातारा-कोल्हापूर भागात हा फोन बऱ्याच घरांत येऊन गेलाय. अपशिंगे मिलिटरी काय किंवा शिरोळकडचं सैनिक टाकळी काय, घरटी फौजी असलेल्या गावांना तो नवा नाही. आमच्याही घरी आला होता, म्हणून हे लिहायला बसले. त्या फोनमधलं शेवटचं वाक्य मला आजारापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पाय मोडल्याचं पोराला सांगता येतं, पण ते बापाच्या कानावर जाऊ नये असं त्याला वाटतं. असं का वाटावं, याचा विचार आपण घरात बसून करायला हवा.

आधी दुखण्याचं बोलू. कारण ते नीट कळलं की निम्मी भीती जाते. रिक्रूटांना बहुतेक वेळा होतं ते स्ट्रेस फ्रॅक्चर. पडलं नाही, आपटलं नाही, तरी नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते. रोजची पीटी, बूट घालून ड्रिल, पाठीवर वजन घेऊन धावणं, आणि त्यात पुरेशी विश्रांती नाही. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड झिजवतं आणि मग त्या जागी नवं भरतं. जुनी भिंत उतरवून नवी रचताना मधले काही दिवस घर उघडं पडतं, तसे हाडाचेही काही आठवडे कच्चे जातात. ट्रेनिंगचा जोर वाढतो तोही नेमका त्याच सुमाराला. पोरगं अंगापिंडानं दांडगं असलं, सोळाशे मीटर त्यानं पहिल्या नंबरानं मारलेलं असलं, तरी हे होतं. यात त्याचं भित्रेपण नाही, तुमच्या दुधातुपाची कमतरताही नाही. प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी डॉक्टरानं सैनिकांच्या अशा सुजलेल्या पावलांबद्दल १८५५ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा एक्स-रेचा शोधसुद्धा लागायचा होता.

आणि एक्स-रेचीच तर पंचाईत आहे. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर त्यात बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे "फोटो तर नॉर्मल आलाय, मग दुखतंय कसं?" असं आपणच पोराला विचारतो आणि त्याला वाटतं, घरच्यांनाही आपण बहाणा करतोय असंच वाटतंय. तो गप्प बसतो. बराकीतल्या मित्राकडून दुखण्याची गोळी घेतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. चिरेचं पुरतं फ्रॅक्चर होतं ते अशाच दिवसांत.

म्हणून फोनवर "बरा आहेस ना?" एवढंच विचारू नका. त्याला "हो" हे एकच उत्तर मिळतं. एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखतं का, आधी धावून झाल्यावर दुखायचं ते आता चालतानाही दुखतं का, रात्री ठणकतं का, हे विचारा. जांघेत किंवा खुब्यात दुखतंय म्हणाला, तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट कर, म्हणजे आजारी असल्याची नोंद करून डॉक्टरांना दाखव, म्हणून निक्षून सांगा. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर सरकली तर ऑपरेशनची वेळ येते, तिथं चार दिवस काढून बघण्यात अर्थ नाही.

मुलींच्या आयांना थोडं वेगळं सांगायचंय. आता चिल्क्याला नौदलाच्या, बेंगळुरूला मिलिटरी पोलिसांच्या ट्रेनिंगला आपल्या मुली जातात. त्यांना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो. पाळी चुकायला लागली, पोटात पुरेसं अन्न जात नसलं, तर हाडं आणखी कमकुवत होतात. "दगदगीनं होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना हे सांगायला लाजू नकोस, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू दे.

आमच्या घरी फोन आला तेव्हा मुलाच्या वडिलांनी माझ्या हातातून तो घेतला. पलीकडे पोरगं चिडीचूप. हे एवढंच म्हणाले, "डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पडून राहा. पाय तुझा आहे, पलटण कुठं पळून जात नाही." मग त्यांनी जेवणाचं विचारलं, म्हैस व्यायल्याचं सांगितलं. पलीकडून आधी हुंदका आला आणि मग पोरगं मोकळेपणानं बोलायला लागलं. दुखणं बऱ्याच दिवसांचं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

हाड भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात बॅच पुढं निघून जाते आणि पोरगं रेलिगेट होतं, म्हणजे मागून येणाऱ्या बॅचबरोबर त्याला पुन्हा उभं करतात. हा शब्द ऐकून घरं हादरतात. नापास झाला असं समजू नका. खरा कठीण दिवस येतो तो त्याच्या जुन्या बॅचच्या कसम परेडचा. ज्यांच्याबरोबर रगडा खाल्ला, ती पोरं शपथ घेतात, त्यांच्या आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लागतं आणि आपलं पोरगं लांबून बघत असतं. ती तारीख लक्षात ठेवा. त्या आठवड्यातल्या फोनवर परेडचा विषय टाळू नका, त्यालाच बोलू द्या.

काहींचं पुढं जमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेडिकल बोर्ड होतो, मेडिकल कॅटेगरी खाली जाते, कुणी कायमचं घरी येतं. एनडीए-आयएमए या अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकॅडमींतून असे बाहेर पडलेल्या कॅडेटांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठं देशाला त्यांच्याकडे बघावंसं वाटलं. अग्निवीर म्हणून गेलेल्या पोराला अपंगत्वाची भरपाई मिळायची तर दुखापत सेवेमुळे झाली का आणि अपंगत्व किती टक्के, हे कागदावर ठरतं. म्हणून सिक रिपोर्टपासून डिस्चार्ज स्लिपपर्यंत प्रत्येक कागदाची नक्कल पोराला जपून ठेवायला सांगा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

सिक लीव्हवर पोरगं घरी आलं की भावकी जमते. कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं, कुणी म्हणतं, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाबा." या माणसांना तुम्हीच दारात उत्तर द्या, पोराला त्यांच्यासमोर उभं करू नका. बाजारात कुणी विचारलंच, तर "हाडाला चीर गेलीय, बरा होऊन परत जाईल, नाही गेला तरी आमचाच आहे" असं ठणकावून सांगा, पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पहाटे उठून तो गुपचूप रस्त्यावर धावून बघतोय का, यावर डोळा ठेवा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बूट तुमच्या कपाटात राहू द्या. दूध, अंडी, नाचणी, थोडं ऊन हे सगळं चालू ठेवा, व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि गोळ्या एमएचच्या डॉक्टरांनी दिल्या असतील तेवढ्याच.

परत जायच्या आदल्या रात्री त्याला झोप लागणार नाही. पुन्हा दुखलं तर काय, हे त्याच्या मनात असतंच, पण तो बोलणार नाही. तेव्हा तुम्हीच विषय काढा. पुन्हा दुखलं तर पहिला फोन घरी करायचा आणि तो पप्पांनाच करायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.