दोष सांगावा कसा आणि ऐकावा कसा

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला एक लेसर प्रिंटर वापरात होता. यंत्र वेगवान होते. परंतु कागद अडकण्याची त्याला खोड होती. छापण्याची आज्ञा देऊन माणूस आपल्या जागी वाट पाहत बसे आणि बऱ्याच वेळाने प्रिंटरपाशी जाऊन पाहतो तो यंत्र केव्हाचे बंद पडलेले असे. ह्याआधीच्या प्रिंटरची आज्ञावली प्रयोगशाळेतील लोकांच्या हाती होती. तीत फेरफार करून त्यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकताच ज्यांची ज्यांची कामे खोळंबली असतील त्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना उमटावी. मग त्यांतील कोणीतरी उठून कागद सोडवीत असे. नव्या यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता मात्र मिळेना. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे मागितली, तेव्हा ती कोणाला न देण्याचे वचन आपण दिले आहे, असे उत्तर आले. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन ह्यांनी ‘ग्नू’ ह्या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, तिच्या पार्श्वभूमीवर हा अनुभव होता.

ही कथा सहसा स्वातंत्र्याची कथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. जुन्या प्रिंटरमध्ये केलेल्या त्या फेरफाराने कागद अडकणे थांबले नव्हते. दोष होता तसाच राहिला होता. बदल एवढाच झाला होता, की दोषाची वार्ता ज्यांना तिचे सोयरसुतक होते त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचू लागली होती. दोष दूर करणे हे एक काम आणि दोषाची वार्ता योग्य माणसापर्यंत, योग्य रूपात पोहोचवणे हे दुसरे. मुक्तस्रोत कार्यप्रणाली वापरणाऱ्या समुदायात हे दुसरे काम पहिल्याहून कमी महत्त्वाचे नाही, आणि ते प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही करता येते. ह्या प्रकरणात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हाच लोकांना त्यात काय हवे आहे, हे त्याने विचारले होते. तिचा गाभा म्हणजे आजचे लिनक्स. गाभा, ग्नूची साधने आणि इतर हजारो आज्ञावल्या एकत्र बांधून वापरण्याजोगा संच तयार करण्याचे काम ‘वितरणे’ करतात. त्यांपैकी डेबियन हे वितरण १९९३ मध्ये इयन मरडॉक ह्यांनी सुरू केले. जुलै १९९७ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी एक सामाजिक करार स्वीकारला. आपण आपले दोष लपवणार नाही, असे त्यातील एक कलम आहे. डेबियनमध्ये कोणीही दोष कळवला, की त्याला एक क्रमांक मिळतो आणि त्यासंबंधीचा पुढील सर्व पत्रव्यवहार त्या क्रमांकाखाली सर्वांना वाचता येईल असा साठत जातो. दोष मिटला तरी नोंद राहते. पाच वर्षांनी तीच अडचण दुसऱ्या कोणास आली, तर पहिल्याने केलेली खटपट त्याला आयती मिळते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. संगणक सुरू होत नाही, आवाज येत नाही, प्रिंटर दिसत नाही, अशा वेळी ‘चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला कोणीही मदत करू शकत नाही. वैद्यापुढे बसून ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणण्यासारखे ते आहे. प्रथम पडद्यावर आलेली सूचना अक्षरशः वाचावी व जशीच्या तशी उतरून घ्यावी. तिचा अर्थ आपल्याला लागला नाही, म्हणून ती निरर्थक ठरत नाही. कार्यप्रणाली आपल्या घडामोडींची रोजनिशी ठेवते, तिला ‘लॉग’ म्हणतात. दोष घडला त्या वेळच्या चार ओळी तीत शोधाव्यात. त्यानंतर स्वतःला विचारावे : काल चालत होते आणि आज चालत नाही, तर ह्या दोहोंच्या मध्ये काय बदलले? बहुधा काहीतरी अद्ययावत केलेले असते. गाभाच नवा आला असेल, तर अनेक वितरणांत जुना गाभाही जपून ठेवलेला असतो व संगणक सुरू होतानाच्या यादीतून तो निवडता येतो. जुन्यावर सर्व ठीक चालले, तर शोधाचे क्षेत्र एकदम आकुंचित होते. दुसरे असे, की संगणकावर नवे वापरकर्ता-खाते उघडून पाहावे. तेथे दोष दिसला नाही, तर तो प्रणालीत नसून आपल्याच मांडणीत आहे. पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली लावून पाहिली, तर दोष यंत्राचा की आज्ञावलीचा, ह्याचाही बराच उलगडा होतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईने चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा संगणक कधीकधी सुरू होतो खरा, पण कशाने झाला, हे त्याला कधीच कळत नाही आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा तेथेच उभा असतो.

ह्या पद्धतीचे सामर्थ्य किती आहे, हे एका हिशेबावरून दिसेल. दोन आवृत्त्यांमध्ये एक हजार बदल झाले आहेत आणि त्यांपैकी एकाने दोष शिरला आहे, असे समजा. बरोबर मधली आवृत्ती घेऊन पाहावी. दोष दिसला तर तो पहिल्या पाचशेंत, न दिसला तर उरलेल्या पाचशेंत. असे अर्धे अर्धे करीत गेल्यास सुमारे दहा चाचण्यांत अपराधी बदल सापडतो. ह्यासाठी मूळ संहिता समजण्याची गरज नसते. चिकाटी आणि प्रामाणिक नोंद एवढे पुरते.

समुदाय म्हणजे दूरदेशीचे अनोळखी तज्ज्ञ, अशीही एक समजूत आहे. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शासकीय शाळांसाठी मुक्त प्रणाली स्वीकारली आणि २०१७ मध्ये त्याचे रूपांतर ‘काइट’ ह्या शासकीय कंपनीत झाले. तेथे शाळेतील शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पहिला आधार शाळेतच उभा केला गेला, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ह्या विद्यार्थीगटांतून मुलांनाही संगणकाची ओळख आतून करून देण्यात येऊ लागली. शेजारच्या वर्गातील बाईंना विचारता येणे, आणि त्यांना न सुटलेली अडचण वरच्या पायरीवर जाणे, ही उतरंड मला फार मोलाची वाटते. प्रश्न जेथे उपजतो तेथल्या भाषेत तो प्रथम मांडता येतो.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे, तर मराठी वाचकाला जवळचे एक उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंतील ‘र’ वेगळ्या रीतीने लिहिला जातो. समजा, एखाद्या ग्रंथपालाने मुक्त प्रणालीवर पुस्तकांची सूची तयार केली आहे. सूचीत ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोध घेतला तर सापडत नाही. पहिला संशय सूचीच्या आज्ञावलीवर जातो. प्रत्यक्षात युनिकोड ह्या संकेतपद्धतीत हे अक्षर दोन प्रकारे नोंदले जाऊ शकते : नुक्त्याचा ‘ऱ’ व हलन्त चिन्ह घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह व त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ ला स्वतंत्र कळ आहे. उच्चारानुसारी काही कळफलकांवरून मात्र दुसरा प्रकार उमटतो. सूची एकाने भरली आणि शोध दुसऱ्याने घेतला, तर दोघांनाही तोच शब्द दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात.

हा दोष कळवायचा कसा? आज्ञावलीचा देखभालकर्ता कदाचित जर्मनीत असेल आणि त्याला देवनागरीचे एकही अक्षर येत नसेल. ‘मराठी शोध बिघडला आहे’ ह्या वाक्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. उलट, कोणता शब्द, तो कोणकोणत्या संकेतांनी बनला आहे, कोणत्या कळफलकावरून लिहिला, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, काय घडावे अशी अपेक्षा होती आणि काय घडले, हे क्रमाने लिहिले, तर देवनागरी न वाचताही तो आपल्या टेबलावर तोच दोष पुन्हा घडवू शकतो. दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा घडवता येणारा दोष अर्धा सुटलेला असतो. शिवाय येथे खरा उपाय कदाचित त्याच्याकडे नसून कळफलकाच्या रचनाकाराकडे असेल. तेही चांगल्या नोंदीवरून लवकर कळते.

प्रश्न अपुरा मांडला गेला म्हणजे काय होऊ शकते, ह्याचे एक गंभीर उदाहरण डेबियनच्याच इतिहासात आहे. ओपनएसएसएल ही आज्ञावली गुप्तलेखनाच्या किल्ल्या तयार करते. किल्ली सुरक्षित असावी, तर तिच्या मुळाशी कोणालाही ताडता न येणारी यादृच्छिक सामग्री असावी लागते. व्हॅलग्रिंड नावाचे एक परीक्षण-साधन स्मृतीतील जागा भरण्यापूर्वीच वाचली जात असल्यास इशारा देते, आणि ओपनएसएसएलसंबंधी ते असे इशारे देत होते. २००६ मध्ये डेबियनमधील देखभालकर्त्याने ते थांबवण्यासाठी मूळ संहितेतील, दोन ठिकाणी येणारी, सारखीच दिसणारी एक ओळ काढण्याचा विचार केला. तो निष्काळजी नव्हता. त्याने मूळ आज्ञावलीच्या सामायिक ई-मेल यादीवर विचारणा केली, आणि दोष शोधण्यास मदत होत असेल तर ह्या ओळी काढण्यास हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर तेथून आले. विचारणाऱ्याच्या मनात लाखो लोकांपर्यंत जाणारी आवृत्ती होती. उत्तर देणाऱ्याच्या मनात बहुधा तात्पुरती तपासणी होती. दोघांच्या शब्दांत खोटे काहीच नव्हते.

दोहोंपैकी एका ठिकाणची ओळ खरोखरच निरुपद्रवी होती. दुसऱ्या ठिकाणची मात्र यादृच्छिक सामग्री साठ्यात मिसळण्याचे मुख्य काम करीत होती. ती गेल्यावर प्रक्रियेचा क्रमांक, एवढेच अनिश्चित असे काय ते उरले, आणि असे क्रमांक लिनक्सवर त्या काळी सामान्यतः ३२,७६८ च्या पलीकडे जात नसत. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, एका लांबीच्या, जवळपास तेवढ्याच निरनिराळ्या किल्ल्या निर्माण होऊ शकत होत्या. कुलपे अगणित, पण किल्ल्यांचा जुडगा एका पिशवीत मावणारा! सप्टेंबर २००६ पासून हा दोष वितरणात होता. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूतही तो गेला. लुचानो बेलो ह्या डेबियनच्या सदस्याच्या तो ध्यानात आला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. दुरुस्त आवृत्ती बसवणे सोपे होते. परंतु मधल्या काळात तयार झालेली प्रत्येक किल्ली शोधून टाकून देणे भाग होते, आणि अशी किल्ली जर दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर नेऊन ठेवलेली असेल, तर तेथेही धोका होता.

इशारा खरा होता; त्याचा अर्थ लावण्याऐवजी तो गप्प केला गेला. ह्याच्या अगदी उलट घटना २०२४ मध्ये घडली, आणि योगायोग असा, की तिच्यातही व्हॅलग्रिंड आहे. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस ह्या विदागार-प्रणालीचे एक विकासक. डेबियनच्या अद्याप पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर ते वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश देणारी एसएसएच ही सेवा नेहमीपेक्षा अधिक काम करीत असल्याचे त्यांना दिसले. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्ध्या सेकंदासाठी कोण थांबतो? पण काही आठवड्यांपूर्वी आपल्या चाचण्यांत व्हॅलग्रिंडने दिलेला एक विचित्र इशारा त्यांना आठवला. मागोवा घेत ते एक्सझेड ह्या, माहिती दाबून लहान करणाऱ्या साध्याशा आज्ञावलीपर्यंत पोहोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

तो बसवणारा ‘जिया तान’ ह्या नावाने वावरत होता. २०२१ पासून त्याने उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास मिळवला होता. एक्सझेडची देखभाल लासे कॉलिन हे जवळजवळ एकटेच करीत असत आणि हे आपले विनावेतन छंदाचे काम आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये सांगितलेही होते. त्याच काळात काही अपरिचित नावांनी पत्रे येत होती : काम संथ चालले आहे, दुसरा माणूस नेमा. तक्रार करणाऱ्या आपण सर्वांनी येथे क्षणभर थांबावे. दोष सांगण्याचा अधिकार आणि माणसाला रेटण्याचा अधिकार ह्यांत अंतर आहे, आणि ह्या प्रकरणात रेटणाऱ्यांच्या आग्रहाचा लाभ घुसखोराला झाला. पुढे व्हॅलग्रिंडचे इशारे येऊ लागले, तेव्हा त्यानेच ते दुसऱ्या कशाचे तरी दोष आहेत असे भासवून ५.६.१ मध्ये ते गप्प केले.

२९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड ह्यांनी सुरक्षाविषयक सार्वजनिक यादीवर आपले पत्र प्रसिद्ध केले. आपण कोणत्या प्रणालीवर होतो, काय मोजले, आधीचा वेळ किती व नंतरचा किती, कोणत्या परिस्थितीत दोष दिसतो आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, हे सर्व त्यात आहे. आपण सुरक्षा-संशोधक नाही, हेही त्यात आहे. ते पत्र वाचून इतरांना तीच तपासणी स्वतः करता आली. डेबियन, फेडोरा इत्यादी वितरणांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून तो भाग ताबडतोब मागे घेतला. पक्क्या आवृत्त्यांपर्यंत तो बहुतांशी पोहोचलाच नव्हता. लासे कॉलिन ह्यांनी मागील बदल तपासण्याचे काम हाती घेतले आणि मे २०२४ च्या अखेरीस चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.