बेडकाचे नाव आणि त्याचा प्रदेश

आषाढात डबक्याकाठी डरावणारे पिवळेधमक मोठे बेडूक मुंबईच्या उपनगरांतील मुलांना ठाऊक असतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बोटांच्या टोकांशी चकत्या असलेला वृक्षमंडूकही आढळतो. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो. दोघांच्याही पिलांस पाणी लागते.

सह्याद्रीतील झुडूपमंडूकाचे तसे नाही. तो जेमतेम इंचभर असतो. त्याच्या अंड्यांतून डिंभ न निघता थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. म्हणून त्याला तळे नसले तरी चालते. पाचोळा व झुडपे मात्र ओली हवीत. रान तुटले की ही ओल सुकते. या बेडकांचा प्रसार समजण्याची किल्ली येथेच आहे.

यांपैकी एका जातीस मुंबईचे नाव आहे : राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस. उभयचर वर्ग, अपुच्छ गण, ऱ्हॅकोफोरिडी कुल. नावावरून ती अंधेरी-घाटकोपरची असावी असे कोणासही वाटेल. परंतु नेल्सन ॲनंडेल यांनी १९१९ मध्ये तिचे वर्णन केले ते कारवार जिल्ह्यातील कॅसलरॉक येथील नमुन्यावरून. तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. सरहद्द बदलली, नाव राहिले.

प्रजातीचे नाव मात्र बदलले. ॲनंडेल यांनी ती इक्झॅलस प्रजातीत घातली, पुढे ती फिलॉटसमध्ये गेली, आणि २०१० मध्ये सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ निर्मिलेल्या राओर्चेस्टिसमध्ये आली. प्रजाती बदलली म्हणजे मूळ वर्णनकाराचे नाव कंसात लिहितात. हा कंस मुलांना अवश्य दाखवावा, त्यात सारा इतिहास असतो.

हे बेडूक दिसण्यात इतके सारखे असतात की रंगावरून जात ठरविणे धोक्याचे. आवाज, मोजमापे व जनुके ताडून पाहावी लागतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून राओर्चेस्टिस घाटेई ही नवी जात २०१३ मध्ये वर्णिली गेली, ती अशाच तपासणीतून.

पावसाळी निरीक्षणात शिक्षकांनी मुलांकडून जातीचे नाव लिहवून घेण्याची घाई करू नये. तारीख, ठिकाण, बेडूक पाण्यात होता की पानावर, आवाज कोणत्या वेळी आला, एवढे टिपावे. बेडूक पकडू नये. उद्यानात तर मुळीच नाही.