धान्याच्या खोलीतील ओल : आधी कारण शोधा, मग खर्च करा

मळणी झाली, धान्य उन्हात वाळवून पोत्यांत भरले, की आपले काम संपले असे बऱ्याच जणांना वाटते. परंतु धान्य पुढे वर्षभर ज्या खोलीत राहणार ती खोली कोरडी नसेल, तर शेतात केलेली मेहनत घरात वाया जाते. पावसाळ्यानंतर थप्पीतील खालची पोती उचलताना तळाशी गोळा झालेले, काळपट पडलेले व कुबट वास येणारे धान्य अनेकांनी पाहिले असेल. त्याचा दोष आपण किडीला देतो. पण पुष्कळदा खरे कारण खोलीच्या भिंतीत, जमिनीत किंवा छतात असते.

धान्य ओलावा कसा घेते?

धान्याचा दाणा हवेतील ओलावा शोषतो व सोडतोही. खोलीतील हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर चांगले वाळविलेले धान्यही पुन्हा ओलावते आणि त्यात बुरशी वाढू लागते. म्हणून साठवणीच्या वेळी ज्वारी, गहू, मका, भात यांत १२ टक्क्यांपेक्षा व कडधान्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा आणि पुढेही तो वाढू देऊ नये.

हा प्रश्न केवळ बाजारभावाचा नाही. मका, भुईमूग यांसारख्या ओलसर मालावर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. नेहमीच्या शिजविण्याने किंवा भाजण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात पावसात भिजलेला व नीट न साठविलेला बुरशीयुक्त मका खाल्ल्याने काविळीची मोठी साथ आली व शंभरावर माणसे दगावली. म्हणून बुरशी लागलेले धान्य धुऊन, वाळवून घरात वापरू नये व जनावरांनाही घालू नये.

ओल कोणत्या वाटेने येते?

ओल दिसली की आतून सिमेंटचा गिलावा करावयाचा व वर रंग मारावयाचा, अशी सर्वत्र पद्धत आहे. त्याने एक-दोन वर्षे भिंत बरी दिसते. पण पाणी येण्याची वाट तशीच राहते. म्हणून प्रथम पुढील खुणांवरून कारण ओळखावे.

१) जमिनीतून चढणारी ओल : दगड, वीट व माती यांतील बारीक छिद्रांतून पाणी दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे वर चढते. तळापासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीला आडवा ओला पट्टा दिसतो, पांढरा खार फुटतो (लोणा लागतो) व गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. ही ओल पावसाळा संपल्यावरही लवकर हटत नाही.

२) बाजूने येणारे पाणी : ओल एखाद्याच, बहुधा पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर दिसते. खिडकीचा खालचा कोपरा, भेगा व उघड्या दरजा या तिच्या नेहमीच्या जागा होत.

३) छतातून येणारे पाणी : डाग वरून खाली उतरतो व पाऊस पडल्यावर लगेच वाढतो.

४) हवेतील ओलावा : पत्र्याच्या खोलीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो व थेंब थप्पीवर पडतात. पाऊस नसतानाही असे घडते.

५) बांधकामातील पाणी : नव्या भिंतीत कालविण्याचे व भिजविण्याचे पाणी मुरलेले असते. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या एका पोत्याला २५ ते ३० लिटर पाणी लागते; ते सर्वच सिमेंटशी एकजीव होत नाही. उरलेले पाणी वाळून जाण्यास वेळ द्यावा लागतो.

जमिनीतून ओल येते की हवेतून, असा संशय असल्यास एक सोपी चाचणी करावी. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट चिकटवाव्यात. दोन दिवसांनी पाहावे. तुकड्याच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब असतील, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस दमटपणा असेल, तर तो हवेतील आहे. भिंतीवरही ही चाचणी करता येते.

प्रथम पाणी घरापासून दूर न्या

हा सर्वांत स्वस्त उपाय आहे व बहुतेक ठिकाणी त्यानेच निम्मे काम होते. ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद छतावर ५० मि.मी. पाऊस पडला, तर १,५०० लिटर पाणी जमते. पन्हळ नसेल, तर ते सर्व पागोळ्यांवाटे जोत्याशी पडते, भिंतीवर उडते व पायात मुरते. यासाठी,

- वळचणीला पन्हळ बसवून पाणी नळाने दूर सोडावे. शक्य असल्यास टाकीत किंवा शोषखड्ड्यात घ्यावे. मात्र शोषखड्डा भिंतीजवळ घेऊ नये.
- जोत्याभोवती अडीच ते तीन फूट रुंदीचा कोबा किंवा फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.
- न्हाणीचे, भांडी घासण्याचे व गोठ्याचे पाणी पक्क्या गटारातून काढावे. धान्याच्या खोलीमागे उकिरडा ठेवू नये.
- अंगणात दरवर्षी मुरूम टाकल्याने जमीन जोत्याबरोबर आली असेल, तर भिंतीलगतची भर काढून टाकावी.

काळ्या जमिनीत याची विशेष गरज आहे. ही माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते. पायाजवळ पाणी मुरले की भिंतीला भेगा पडतात आणि त्याच भेगांतून पुढच्या पावसाळ्यात पाणी आत येते.

भिंती व गिलावा

भेगा व दरजा खरवडून स्वच्छ कराव्यात, पाणी मारून नीट भराव्यात. खिडकीवर पुढे आलेले छज्जे असावेत व त्यांच्या खालच्या कडेस पाणी गळून पडण्यासाठी खाच ठेवावी. कोकणात जांभ्याच्या सच्छिद्र भिंतीला माऱ्याच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचे झाप लावण्याची जुनी रीत आहे. ती आजही उपयोगी आहे.

मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा करू नये. त्यामुळे आतील ओल बाहेर पडू शकत नाही व ती आणखी वर चढते. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा योग्य ठरतो. त्यातून भिंत वाळू शकते.

छत

कौलारू घराची शाकारणी पावसाळ्यापूर्वी करावी. फुटकी कौले बदलावीत व आढ्याचे कोणे तपासावेत. स्लॅबवर पाणी साचू देऊ नये. शंभर सें.मी. लांबीस किमान एक सें.मी. उतार असावा. कठडा व स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करावी, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते.

माळवदाच्या घरांत गळती थांबविण्यासाठी दरवर्षी मातीचा नवा थर चढविला जातो. हे धोक्याचे आहे. ओलीने लाकडे कुजतात आणि वर वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दबली. म्हणून नवीन माती टाकण्यापूर्वी जुना थर काढावा, तुळया व खण टोचून पाहावेत आणि कुजलेले लाकूड बदलावे.

नवीन खोली बांधताना

जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान दीड ते दोन फूट उंच घ्यावे. जोत्याच्या पातळीवर भिंतीच्या पूर्ण रुंदीत ४ सें.मी. जाडीचा १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटचा ओलप्रतिबंधक थर द्यावा. त्यात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यास १ किलो जलरोधक पावडर मिसळावी. थर वाळल्यावर त्यावर गरम डांबराचे दोन हात द्यावेत. हा थर कोठेही तुटता कामा नये व बाहेरील जमिनीपासून तो किमान १५ सें.मी. वर राहावा.

जमिनीसाठी मुरूम ठोकून त्यावर दगडी सोलिंग करावे व वाळूचा पातळ थर द्यावा. नंतर १,००० गेजचा (२५० मायक्रॉन) पॉलिथीन कागद अंथरावा. जोडावर १५ सें.मी. एकमेकांवर घ्यावा आणि कडा भिंतीतील ओलप्रतिबंधक थरापर्यंत वर वळवाव्यात. त्यावर १० सें.मी. काँक्रीट व मग फरशी करावी. हे काम बांधतानाच थोड्या खर्चात होते. जुन्या भिंतीत असा थर घालावयाचा, तर भिंत तुकड्यातुकड्याने कापावी लागते किंवा छिद्रे पाडून रसायन भरावे लागते. ते काम जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये.

बांधकाम दिवाळीनंतर काढून माघापर्यंत संपवावे. म्हणजे गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारूनही भिंती वाळण्यास संपूर्ण उन्हाळा मिळतो. भिंत पुरती वाळल्याशिवाय रंग देऊ नये व धान्यही भरू नये.

थप्पी लावताना

पोती थेट फरशीवर ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्यांची चौकट किंवा बांबूच्या चटया व पॉलिथीन घालावे. भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडावी व थप्पी पत्र्यापर्यंत नेऊ नये. लोखंडी कोठी विटांवर किंवा तिवईवर ठेवावी. झरोके कोरड्या, उन्हाच्या दिवशी उघडावेत व पावसाळी, कुंद हवेत बंद ठेवावेत. सतत उघडे ठेवल्यास बाहेरचा दमटपणाच आत येतो.

धान्य भरण्यापूर्वी ओलावा पाहण्यासाठी पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन मुठी धान्य व एक मोठा चमचा कोरडे मीठ घालून झाकण लावावे. एक मिनिट चांगले हलवून पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. धान्याला पुन्हा ऊन द्यावे. मीठ न चिकटल्यासही धान्य १२ टक्क्यांवर आले असे समजू नये. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवावे व शक्य असल्यास ओलावामापकाने तपासून घ्यावे.

थोडक्यात, ओल दिसली की गवंड्याला बोलावण्यापूर्वी पाणी कोठून येते ते स्वतः पाहावे. एका जोरदार पावसात घराभोवती एक फेरी मारून पागोळ्या कोठे पडतात, पाणी कोठे साचते, डाग कोठून सुरू होतो याची नोंद करावी. पाण्याची वाट सापडली की उपाय बहुधा स्वस्त असतो. मृगाच्या आधी एवढे काम उरकून घेतल्यास आपले धान्य, बियाणे आणि घर ही तिन्ही पावसाळाभर सुरक्षित राहतील.