डिफरन्शियलसाठी योग्य तेलाची निवड

मोटारगाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर असलेली गाडी पूर्णपणे मागे वळली, तर बाहेरचे चाक सुमारे ४ मीटर अधिक चालते. मागील आसाच्या मध्यभागी, फुगीर लोखंडी कवचात बसविलेली जी दंतचक्रे हा फरक सांभाळतात, त्यांच्या योजनेला डिफरन्शियल असे म्हणतात. इंजिनातील तेलाची चौकशी मालक वारंवार करतो; या कवचाकडे मात्र तेथून गुणगुण ऐकू येऊ लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. तोवर दात खरवडलेले असतात, आणि ते तेलाने भरून येत नाहीत.

येथील तेल निराळे का असावे लागते, याचे उत्तर दातांच्या रचनेत आहे. पूर्वी पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन व्हील या मोठ्या दंतचक्राच्या अगदी मध्यरेषेवर बसवीत. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींत ते मध्यरेषेच्या खाली बसविण्याची पद्धत आली. तिला हायपॉइड म्हणतात. तिच्यामुळे इंजिनाकडून येणारा दांडा खाली गेला, गाडीचा तळ उतरला, दात अधिक भक्कम झाले आणि आवाजही घटला. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरचा मागील आस याच प्रकारचा होता. परंतु या सोयींची किंमत तेलाला मोजावी लागते. लाटणे पोळीवरून फिरते, वरवंटा पाट्यावर घासत जातो. जुन्या दातांची गती पहिल्या प्रकाराला जवळची, तर हायपॉइडची दुसऱ्या. प्रचंड दाबाखाली हे दात एकमेकांवरून लांबीच्या दिशेने घसरतात आणि मधला तेलाचा थर पुसून टाकतात. पोलादाला पोलाद भिडले की क्षणभर तेथे चिकटते आणि लगेच तुटून निघते.

म्हणून अशा तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. थर फाटून जेथे दाताचा पृष्ठभाग तापतो, नेमकी तेथेच ती पोलादाशी संयोग पावून एक अतिशय पातळ पापुद्रा निर्माण करतात. झीज या पापुद्र्याची होते, दात वाचतो. गिअर तेलाला येणारा उग्र दर्प याच गंधकाचा असतो.

डबा घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि गॅरेजमध्ये बहुधा एकीचाच उच्चार होतो. ‘नव्वद नंबर’ तेल मागितले जाते; पण हा आकडा केवळ दाटपणा सांगतो, दाब सोसण्याची शक्ती नव्हे. ती ए.पी.आय. या संस्थेच्या जी.एल. वर्गावरून कळते. हायपॉइड डिफरन्शियलला जी.एल.-५ हवे. जी.एल.-४ मध्ये वर सांगितलेल्या संयुगांचे प्रमाण साधारणपणे निम्मे असते. मग जास्त ताकदीचे जी.एल.-५ सगळीकडेच का घालू नये? कारण पुष्कळ गिअरबॉक्सांत पितळी कड्या असतात. गंधक, विशेषतः तेल तापल्यावर, पितळ खाते. गिअरबॉक्ससाठी उत्पादकाने जी.एल.-४ सांगितले असेल, तर उरलेला डबा तेथे ओतण्याची काटकसर महागात पडते.

दाटपणाच्या आकड्यानेही अनेकांची फसगत होते. ९० हा आकडा इंजिन तेलाच्या ४० च्या दुप्पट दाटपणाचा वाटतो. वस्तुतः दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत; गिअरचे ९० हे इंजिनाच्या ४० ते ५० इतकेच दाट असते. ८०डब्ल्यू-९० या नावातील पहिला भाग थंडीसंबंधी आहे. ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंश सेल्सिअसला, तर ७५डब्ल्यूची उणे ४० ला होते. सपाटीवरील गाडीला ८०डब्ल्यू-९० सहसा पुरते. लडाखमध्ये हिवाळा काढणाऱ्या गाडीला मात्र ७५डब्ल्यू-९० बरे. पहाटे गोठू पाहणारे तेल वरच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचतच नाही. एक चाक चिखलात फिरत राहू नये म्हणून ज्या डिफरन्शियलमध्ये घर्षणपट्ट्या बसविलेल्या असतात, त्यांचे तेल आणखी निराळे असते. तेथे गाडीची पुस्तिकाच प्रमाण. मारुती ८०० सारख्या, पुढची चाके ओढणाऱ्या लहान गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असून तेथे हायपॉइड दात नसतात. त्यामुळे दोहोंना एकच तेल चालते.

तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल असावे, आणि ते पाहताना गाडी सपाट जागी उभी असावी. अधिक भरलेले तेल आसाच्या टोकांकडील सील ओलांडून ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरते. घाटात हे जिवावर बेतू शकते. जुने तेल सोडण्यापूर्वी वरचा, भरण्याचा बूच निघतो की नाही हे आधी पाहावे. तो गंजून बसला असेल, तर रिकामे कवच घेऊन गाडी जागेवरच अडकते. खालच्या बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावर करडा, मऊ लेप आढळतो. तो नेहमीच्या झिजेचा होय. बोटांना टोचणारे तुकडे हाती लागले, तर नवे तेल भरण्याआधी कवच उघडून दात तपासावेत.