इन-चार्ज झालेल्या भाचीस

चि. सोनू हिस,


तू केबिन क्रूची इन-चार्ज झालीस हे ताईने फोनवर सांगितलं आणि मी आधी देवापुढे साखर ठेवली. तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण एअर इंडियात विमानातल्या सुपरवायझरचं पद बराच काळ फक्त पुरुषांसाठी होतं. बायकांना ते मिळावं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली बायकांच्या बाजूने मिटला. तेव्हा छातीवरचा तो बिल्ला जपून वापर.

पत्र लिहायला बसले ते मात्र माझी एक चूक तुला सांगायला.

इन-चार्ज होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. रात्रीची दिल्ली-मुंबई होती. ब्रिफिंगला एक नवी मुलगी आली, अंबाडा सैल, एका बोटाचं नेलपॉलिश उडालेलं. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. मला वाटलं, शिस्त अशीच लागते. विमान वर गेलं, सर्व्हिस सुरू झाली, आणि काही कामासाठी मी मागे गेले तर गॅलीत जळका वास. ओव्हनच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती. ती मुलगी समोर उभी, हातात जाडा ग्लव्ह, आणि बोटं ओव्हनच्या कडीवर. दार उघडलं असतं तर आत हवा शिरून आग भडकली असती. मी तिचा हात मागे ओढला, वीज बंद केली, अग्निशामक हाताशी घेऊन तिथेच उभी राहिले. कुठलासा कागद आत राहून गेला होता. काही वेळाने धूर विरला. मुंबईत उतरल्यावर बसमध्ये तिला विचारलं, ‘‘इंटरकॉम तुझ्या डोक्याशी होता, मला का बोलावलं नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘मॅम, तुम्ही परत ओरडाल असं वाटलं.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओव्हनचा नियम तिला पाठ होता. परीक्षेत तिने बरोबर लिहिला असणार. तिला भीती धुराची नव्हती, माझी होती.

१० मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या ड्रायडनहून एक विमान पंखांवर बर्फ असताना उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळलं. ६९ जणांपैकी २४ गेले. केबिन क्रूमधली जी वाचली, तिने पुढे चौकशीत सांगितलं की पंखांवरचा बर्फ तिला दिसला होता. पण वैमानिकांच्या कामात आपण बोलायचं नसतं, असंच तिच्या मनावर बिंबलेलं होतं. मी हे वाचलं तेव्हा मला तो ग्लव्ह घातलेला हात दिसला.

तू पुढच्या दरवाज्यापाशी बसशील. मागची गॅली तुझ्यापासून तीस रांगा लांब. तिथे काय चाललंय ते तुला तिथल्या मुलींच्या तोंडूनच कळणार. म्हणून ब्रिफिंगमध्ये सगळ्यात नव्या मुलीला आधी बोलू दे. तिचं नाव विचार, काल कुठून आली, किती झोपली ते विचार. मग तिच्या दरवाज्याविषयी, तिच्याजवळच्या ऑक्सिजन बाटलीविषयी विचार. चाचरली तर थांब, घाई करू नकोस. पण सुरक्षेचं उत्तर खरोखरच येत नसेल, तर तिला त्या फ्लाइटवर नेऊ नकोस. तिथे दया दाखवायची नाही. फक्त ते बाजूला नेऊन सांग. केस, लिपस्टिक, नखं, तेही बाजूलाच.

आणखी एक. चौथ्या सेक्टरच्या शेवटी, पहाटे, दरवाजा डिसआर्म करताना हात सवयीने चालतात आणि डोकं झोपलेलं असतं. चुकून आपत्कालीन स्लाइड सुटते ती अशाच वेळी. तेव्हा क्रॉस चेक नुसता तोंडाने म्हणू देऊ नकोस. समोरच्या दरवाज्याकडे डोळ्यांनी बघू दे, तूही बघ.

आणि प्रवाशाने एखादीच्या अंगाला हात लावला, तर ‘जाऊ दे गं, उतरायला वीस मिनिटं राहिली’ हे तुझ्या तोंडून कधी येऊ नये. मी एकदा म्हटलंय, आणि त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. बेशिस्त प्रवाशांविषयीच्या २०१७ च्या नियमांत असा स्पर्श दुसऱ्या पातळीचा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते. पण ते पुढचं. आधी तिला तिथून हलव, तिच्या जागी तू उभी राहा, कॅप्टनला कळव, आणि उतरल्यावर रिपोर्ट तिच्याबरोबर बसून लिही. कितीही थकलेली असलीस तरी. वरून कुणी ‘प्रकरण वाढवू नका’ म्हणालं, तर रिपोर्टवर सही तुझी आहे हे लक्षात ठेव.

यातलं काही कधी तूही विसरशील. विसरलीस आणि एखाद्या पोरीने आठवण करून दिली, तर सगळ्यांसमोर तिला थँक यू म्हण. तेवढं मात्र सगळ्यांसमोर.

पहिलं ब्रिफिंग झालं की त्या दिवशी रात्री कितीही उशीर होवो, मला फोन कर. मी जागी असेन. सगळ्यात नवी कोण होती आणि ती काय बोलली, ते मला ऐकायचंय.

तुझी,
मावशी