उच्च शिक्षणातील विषमता : प्रवेशानंतरचा प्रश्न

महाविद्यालयाचे दार सर्वांना खुले झाले की उच्च शिक्षणातील विषमता मिटली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु आत गेलेला गरीब विद्यार्थी पदवी घेऊनच बाहेर पडतो की नाही, हीच शैक्षणिक धोरणाची खरी कसोटी होय.

या दृष्टीने एक उदाहरण बोधप्रद आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात व तेथून पुढे लंडनला शिकावयास गेले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. स्वतःची बचत, मित्राकडील कर्ज व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अशा असामान्य विद्यार्थ्याचीही वाट द्रव्याअभावी अडली, तर शेतमजुराच्या मुलाची काय कथा!

यावरून धोरणाची तीन अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग राखीव जागांचे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातील अशा विशेष तरतुदींना भक्कम आधार दिला. दुसरे अंग निवासाचे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. कारण शाळा शहरात आणि मुलगा खेड्यात, ही अडचण त्यांनी ओळखली होती. तिसरे अंग शिष्यवृत्तीचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे.

ही तिन्ही अंगे एकमेकांवर अवलंबून आहेत. जागा मिळाली पण राहण्याची सोय नसेल, तर प्रवेश कागदावरच राहतो. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृह नाही म्हणून शिक्षणच थांबते. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण वर्षअखेरीस हाती आली, तर तोवर घरच्यांनी सावकाराचे दार ठोठावलेले असते.

म्हणून शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते यांची पूर्तता करवून घ्यावी. पालकांनी अर्जाची मुदत चुकवू नये. अधिकाऱ्यांनी किती अर्ज मंजूर झाले एवढेच न मोजता, किती विद्यार्थ्यांचे शिक्षण पुरे झाले याचीही नोंद ठेवावी. शासनाचे साहाय्य वेळेवर पोहोचले आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकले, तरच ते समतेचे साधन ठरेल.