वाचकांचे प्रश्न: काशीतला वाडा, महाराष्ट्रातले वारस

या वेळच्या टपालात काशीच्या मिळकतींविषयीची पत्रं जास्त आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. मुलं-नातवंडं पुण्याला, नाशिकला, कोणी परदेशी गेली आणि वाडे मागे राहिले. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं, आजूबाजूच्या जागांना भाव आला, आणि ज्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं तिच्यावर चार-चार हक्कदार उभे राहिले. पत्रांतली नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वारसाहक्काच्या बाबतीत मयताच्या मृत्यूची तारीख बदलली की कायदा बदलतो. म्हणून वकिलाकडे जाल तेव्हा घराच्या कागदांआधी मृत्यूचे दाखले पिशवीत टाका.

प्रश्न : आईचे आजोबा दुर्गाघाटाजवळच्या वाड्याचे मालक. भावाशी त्यांची वाटणी आधीच झालेली होती. ते १९३८ साली वारले. पत्नी त्यांच्या आधी गेली होती, मुलगा नव्हता, एकच मुलगी, म्हणजे माझी आजी. आजी १९५४ साली गेली. तिला माझी आई हे एकच अपत्य. तेव्हापासून ताबा आईकडे आहे, कर तीच भरते. आता पणजोबांच्या भावाचे नातू म्हणतात, बनारसच्या कायद्यात मुलीला हयातीपुरताच हक्क होता, म्हणून १९५४ सालीच वाडा त्यांच्या वडिलांचा झाला. हे खरं का? (सातारा)

उत्तर : बनारसच्या कायद्याविषयी ते सांगतात ते खरं आहे, तो तुमच्या घराला लागू होतो हे मात्र मला पटत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला. तुमच्याकडचे दोन्ही मृत्यू त्याआधीचे, त्यामुळे जुनं धर्मशास्त्रच पाहावं लागतं आणि ते प्रांतागणिक निराळं होतं. बनारस परंपरेत वडिलांची मिळकत मुलीला मिळे ती मर्यादित हक्कानं. ती वारली की मिळकत पुन्हा वडिलांच्या वारसाकडे जाई. मुलीचा मुलगा त्या रांगेत बराच पुढे होता, पण मुलीची मुलगी नव्हती. १९२९ च्या कायद्यानं तिला रांगेत जागा मिळाली, तीही भाऊ-पुतण्यांच्या मागे. म्हणजे बनारस परंपरा धरली तर तुमच्या आईच्या आधी पणजोबांचे पुतणे येतात. नातू बोलताहेत ते याच आधारावर.

मुंबई परंपरेत मात्र मुलगी वडिलांच्या मिळकतीची पूर्ण मालक होई. तिच्यामागे मिळकत तिच्या स्वतःच्या वारसांकडे जाई, म्हणजे तुमच्या आईकडे.

मग तुमचं घर कोणत्या परंपरेतलं? प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून न्यायालयांचं सूत्र असं आहे की स्थलांतर करणारं हिंदू कुटुंब आपला वैयक्तिक कायदा बरोबर नेतं. काशीत दोनशे वर्षं राहिलात म्हणून तुम्ही आपोआप बनारस परंपरेत जात नाही. मूळचा कायदा सोडून तिथला स्वीकारला, हे जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. तुमच्या बाजूनं पुरावा जमवा: सोयरिकी महाराष्ट्रात होत होत्या का, कुलदैवताला कुठे जात होते, लग्न-मुंजी कोणत्या पद्धतीनं होत, घरात भाषा कोणती. जुन्या लग्नपत्रिका आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या इथे उपयोगी पडतात. एक अट मात्र लक्षात ठेवा: कुटुंब मूळचं ज्या भागातलं, त्या भागात मुंबई परंपरा चालत होती हे दाखवावं लागेल. सातारा-वाई असेल तर त्याची काळजी नाही.

गंमत अशी की मुंबई परंपरेचा एक आधारग्रंथ, 'व्यवहारमयूख', सतराव्या शतकात काशीतच लिहिला गेला. तो लिहिणारे नीळकंठभट्ट पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातले. ग्रंथ काशीत झाला, पण गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात तो प्रमाण ठरला, आणि काशीतली न्यायालयं 'मिताक्षरा' आणि 'वीरमित्रोदय' यांच्यावर चालत राहिली.

आजी आणखी दोन-अडीच वर्षं जगली असती आणि ताबा तिच्याकडे असता, तर १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ नं तिचा मर्यादित हक्कही पूर्ण मालकीचा झाला असता आणि हा वादच उरला नसता.

तुमची दुसरी ढाल मला पहिलीहून भक्कम वाटते. बनारस परंपरा लागू होती असं घटकाभर मानलं, तरी मर्यादित हक्काची स्त्री वारल्यावर तिच्यामागच्या वारसानं बारा वर्षांच्या आत ताब्याचा दावा लावायला हवा होता. ती मुदत १९६६ मध्ये संपली. तुमच्या आईचा ताबा उघड आणि अखंड असेल, तर आज साठ वर्षांनी दावा टिकणं कठीण. नगर निगमाच्या कराच्या पावत्या इथे फार मोलाच्या. त्या मालकी देत नाहीत. नामांतरणाची नोंदही देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कितीतरी वेळा सांगितलंय. पण ताबा कोणाकडे होता हे त्या बोलून दाखवतात.

प्रश्न : वडील २०११ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. आई नाही. आम्ही तीन भाऊ. धाकट्यानं वाड्यातला आपला तिसरा हिस्सा एका गेस्ट हाऊसवाल्याला देण्याचं ठरवून बयाना घेतलाय. तो माणूस उद्या आमच्या चौकात येऊन बसणार का? (नाशिक)

उत्तर : भाऊ हिस्सा विकू शकतो. पण तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत, आणि त्यांतली पहिली आज वापरली तर बाकीच्यांची गरज पडणार नाही.

उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, पहिल्या वर्गाच्या वारसांपैकी एकजण वारसानं आलेला हिस्सा विकू लागला तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. किमतीवर एकमत झालं नाही तर न्यायालय किंमत ठरवतं. आजच धाकट्याला आणि गेस्ट हाऊसवाल्याला वकिलामार्फत नोटीस द्या की आम्ही हिस्सा घ्यायला तयार आहोत. ऐकलं नाही तर वाराणसीच्या दिवाणी न्यायालयात दावा आणि मनाईचा अर्ज. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे तिथेच लागतो, नाशिकला लागत नाही.

विक्री झालीच, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ मदतीला येतं. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर त्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्यानं वाटणीचा दावा लावायचा. आणि तो लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली तुम्ही न्यायालयाला सांगू शकता की त्याच्या हिश्शाचं मूल्य काढा, आम्ही विकत घेतो.

यातली मेख 'राहतं घर' आणि 'अविभक्त' या शब्दांत आहे. चुली वेगळ्या असल्या तरी चालतं. घर मापून, भिंती घालून वाटलेलं नसलं पाहिजे. तुम्ही दोघांनी तळमजला आधीच दुकानांना देऊन टाकला असेल तर समोरचा वकील बरोबर तिथे बोट ठेवील. आणि कुलूप बदलणं, पाणी तोडणं असले प्रकार करू नका. न्यायाधीशापुढे जाताना मनाई मागणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात.

प्रश्न : वडील १९९९ मध्ये वारले. भाऊ म्हणतो की मुलींना हक्क २००५ पासून, आणि तेव्हा वडील हयात नव्हते, म्हणून तुला काही नाही. काही वर्षांपूर्वी त्यानं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर माझी 'हक्क सोडला' अशी सहीही घेतली आहे. वाडा आणि गावाकडे थोडी शेती आहे. (पुणे)

उत्तर : ताई, सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा निकालानं ही पळवाट बंद केली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हक्कदार, असते. कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असण्याची गरज नाही. अट एवढीच की २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा न्यायालयीन वाटणी झालेली नसावी. वाडा वडिलांच्या स्वकष्टाचा असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुमचा हिस्सा १९५६ पासूनच कायद्यात आहे. २००५ चा प्रश्नच येत नाही.

त्या शंभराच्या कागदाची भीती नको. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. मात्र यापुढे कशावरही सही करू नका, 'फक्त नामांतरणासाठी' म्हटलं तरीही.

शेती वाराणसीकडचीच असेल, तर ती मात्र पुण्याच्या मापानं मोजू नका. उत्तर प्रदेशात शेतजमिनीचा वारसा तिथल्या जमीन कायद्यानं ठरतो. वडील १९९९ मध्ये गेले, तेव्हा १९५० चा जमीनदारी निर्मूलन कायदा चालू होता, आणि त्यात मुलगे असताना विवाहित मुलीला हिस्सा नव्हता. २०१६ पासून लागू झालेल्या महसूल संहितेनंही विवाहित मुलीला विधवा, मुलगे, अविवाहित मुली आणि आईवडील यांच्या खालीच ठेवलं. हा भेद मला तरी आजच्या काळात समर्थनीय वाटत नाही, पण तुमचा वारसा १९९९ मध्ये उघडला, म्हणून तेव्हाचाच कायदा पाहावा लागेल. शक्ती वाड्यावर खर्च करा.

प्रश्न : वडिलांनी २०१७ मध्ये एका सावकाराकडून आणि बँकेकडून कर्ज घेतलं होतं. ते वारले. सावकार म्हणतो, बापाचं ऋण मुलानं फेडायचं हा धर्म आहे, आणि कोर्टही तेच सांगतं. बँकेचे लोक रात्री नऊला फोन करतात. (वाराणसी)

उत्तर : कोर्ट तसं सांगत होतं, पूर्वी. पित्याचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, हा नियम हिंदू कायद्यात खरोखरच होता आणि त्यावर वसुली होत असे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं कलम ६ मध्ये तो बंद केला. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ या कारणावरून मुलगा, नातू, पणतू यांच्यावर वसुली चालत नाही. गयेला पिंड द्यावेत की नाही, हा तुमचा आणि तुमच्या श्रद्धेचा प्रश्न, सावकाराचा नाही.

तरी कर्ज पुसलं जात नाही. वडिलांच्या मागे जी मिळकत तुमच्या हाती आली, तिच्या किमतीपर्यंत देणं वसूल होऊ शकतं. तुमच्या पगारातून किंवा स्वतःच्या घरातून नाही. घर तारण असेल तर बँक त्या घरावर येणार. आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तर वर लिहिलेलं सगळं विसरा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कागदाची प्रत आधी मागवा.

साध्या हातउसन्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली की ती नव्यानं सुरू होते. सावकार 'नुसता हिशेब जुळवायला' सही मागत असेल तर त्यामागचं कारण हे. फोनचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. वेळा टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रश्न : माझी मावशी काशीवासाला म्हणून गेली ती तिथेच राहिली. मूलबाळ नाही. 'शेवटपर्यंत सांभाळीन' म्हणणाऱ्या पुतण्याला तिनं आपल्या दोन खोल्या बक्षीसपत्रानं दिल्या. आता तो जेवायलाही विचारत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशाच प्रसंगासाठी आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. मावशी जिथे राहतात तिथेच, म्हणजे वाराणसीच्या उपजिल्हाधिकाऱ्यांपुढे, अर्ज करता येतो.

सगळं अडतं ते अटीपाशी. नुसत्या प्रेमापोटी दिलं असं दस्तात असेल तर अर्ज फेटाळला जाण्याची भीती आहे. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अट दाखवायलाच हवी असं म्हटलं. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं, एका आईच्या बाबतीत, बक्षीसपत्राबरोबर मुलानं वेगळं लिहून दिलेलं वचनपत्र अट म्हणून ग्राह्य धरलं आणि ताबाही परत देववला. तेव्हा पुतण्याचं एखादं पत्र, व्हॉट्सॲपवरचा निरोप, साक्षीदार, काय असेल ते शोधा. शिवाय त्याच कायद्यात, निपुत्रिक ज्येष्ठाची मिळकत ज्या नातेवाइकाकडे आहे त्याच्याकडून निर्वाहखर्चही मागता येतो. तो अर्ज आजच करा. बक्षीसपत्राचा निकाल लागेपर्यंत मावशींना जेवायला हवं.

प्रश्न : आजोबांनी नोंदणीकृत दस्तानं वाड्याचा खालचा मजला घरातल्या दत्ताच्या नावे केला होता. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद सापडत नाही. मजला विकता येईल का? (मुंबई)

उत्तर : धर्मादाय आयुक्त ही महाराष्ट्राची व्यवस्था, १९५० च्या कायद्याची. उत्तर प्रदेशात तसं कार्यालय नाही. वाराणसीच्या दुय्यम निबंधकाकडे मूळ दस्त शोधा. दस्त खरा असेल तर मजला दत्ताचा, तुम्ही वहिवाटदार. पूजेची पाळी वाटून घेता येईल, मजला वाटून घेता येणार नाही. विकायचा तर देवाची निकड दाखवावी लागते, आणि तुमच्या मुलीचं लग्न ही देवाची निकड नव्हे.

प्रश्न : खेपा घालणं जमत नाही. वाराणसीतल्या ओळखीच्या गृहस्थांना कुलमुखत्यारपत्र द्यावं का? (ठाणे)

उत्तर : द्या, पण कामापुरतं. दावा चालवणं, कर भरणं, नकला काढणं, एवढेच अधिकार लिहा. विक्रीचा शब्दही नको. ते ठाण्यात, तुमच्या हद्दीतल्या दुय्यम निबंधकासमोर करा. परदेशातल्या भावंडांनी भारतीय दूतावासात करावं, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. मिळकतीचं वर्णन करताना गल्लीचं नाव पुरत नाही, घर क्रमांक अक्षरासकट लिहा. 'के' म्हणजे कोतवाली, 'सीके' म्हणजे चौक, 'डी' म्हणजे दशाश्वमेध. अक्षर चुकलं तर तुमचं मुखत्यारपत्र भलत्याच मोहल्ल्यातल्या घरावर जाऊन बसेल.